तीस बुधले

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या नदीकाठी ती घडली त्या नदीने तेव्हापासून आपले पात्र दोनदा बदलले आहे.

नदीच्या अलीकडच्या काठावर तेलघाण्यांचे एक गाव होते आणि पलीकडच्या काठावर राजाची नगरी. गावात तीळ आणि करडई पिकायची, घाणे फिरायचे आणि तेल नावेतून नगरीला जायचे.

ज्या दिवशी बातमी आली तो दिवस अगदी रोजच्यासारखा होता. दुपार कलली होती. डोळ्यांना झापडे लावलेला बैल घाण्याभोवती फिरत होता. घाटावरच्या चिंचेखाली गावचा मापाडी तेल मापत बसला होता. त्याच्या हातात तांब्याचे मापटे होते. ते त्याच्या आजोबांच्या हातातही होते, आणि इतक्या वर्षांच्या हाताळण्याने त्याचा काठ नखासारखा गुळगुळीत झाला होता.

समोर शेजारच्या घाण्याची तेलीण भांडे घेऊन बसली होती.

"बाबा, जरा हात सैल सोडा. घरी पाहुणे यायचेत," ती म्हणाली.

"हात सैल सोडला तर तेल तुझ्या भांड्यात नाही जायचं, जमिनीवर जाईल."

"जमिनीला बरं देता हो रोज! आम्हीच काय घोडं मारलंय तुमचं?"

मापाडी हसला. त्या गावाची एक रीत होती. मापटे काठोकाठ भरायचे, इतके की दोन थेंब ओघळून मातीत पडले पाहिजेत. ते थेंब धरणीचे. थेंब पडले की माप पुरे झाले असे समजायचे, आणि मग कोणीही "पुन्हा मापा" असे म्हणायचे नाही. असे म्हणणे म्हणजे मापाड्याच्या तोंडावर मारल्यासारखे मानत.

तेवढ्यात घाटाच्या उतारावरून एक माणूस वर आला. नावेबरोबर नेहमी जाणारा तो हमाल होता. त्याचे कपडे अंगाला चिकटले होते आणि पायात एकच वहाण होती. तो मापाड्यासमोर उभा राहिला.

"अरे, नाव लागली का पलीकडे?" मापाड्याने मान वर न करता विचारले.

"नाव बसली, बाबा," हमाल म्हणाला. "मधल्या धारेत. मला त्यानं उडी मारायला लावली. तो नाही आला."

नाव नेणारा नावाडी मापाड्याचा एकुलता एक मुलगा होता.

मापटे निम्मे भरले होते. मापाड्याने ते काठापर्यंत भरले. दोन थेंब मातीत पडू दिले. भरलेले मापटे तेलिणीच्या भांड्यात रिकामे केले, आणि एक थेंबही इकडेतिकडे सांडला नाही. मग त्याने ते पालथे ठेवले. तेलिणीने तोंडावर पदर घेतला होता. बैल आपला फिरतच होता, कारण त्याला थांबवायचे कोणाच्या लक्षात आले नाही.

आता त्या दिवशी सकाळी काय झाले होते, ते सांगितले पाहिजे. त्याशिवाय पुढचे समजणार नाही.

गावातून तेल जायचे ते बुधल्यांमधून. बुधला म्हणजे कातड्याचे मोठे, फुगीर पोटाचे भांडे. सगळे बुधले एकाच मापाचे शिवलेले असत आणि मापाडी ते स्वतः मापून भरून घेई. घाटावरच्या नावेत तीस बुधले जात. तीस बुधले, नावाडी आणि एक हमाल, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. तीस बुधल्यांनी नाव कधी कुरकुरली नव्हती.

त्या गावात तराजू नव्हता. एकाही घरात नव्हता. कारण असे सांगत, की फार पूर्वी एका व्यापाऱ्याने खोट्या काट्याने गावाला वर्षानुवर्षे नागवले होते. तेव्हापासून वडीलधारी माणसे मुलांना शिकवत, "काटा बोटानं झुकवता येतो. भांडं झुकवलं तर सांडतं आणि सगळ्यांना दिसतं." म्हणून गाव सगळे काही मापून घेई आणि मापून देई. जोखून मागणारा माणूस संशयी समजला जाई.

त्या वर्षी नगरीत राजकन्येचे लग्न ठरले होते, आणि जेवणावळींसाठी राजवाड्यातून काकवीची मागणी आली होती. नदीच्या वरच्या अंगाला पहिल्यांदाच ऊस पिकला होता, त्याचा रस आटवला. घट्ट, तांबूस, बोटाला लागली तर सुटू नये अशी काकवी निघाली. गावाने ती आपल्या नेहमीच्या बुधल्यांत भरली. मापाड्याने एकेक बुधला मापून दिला. धरणीचे दोन थेंब, तेही काकवीचे, सावकाश ओघळून पडले.

हमाल बुधले उचलून नावेत ठेवू लागले, तेव्हा त्यांची थट्टा सुरू झाली.

"बाबा, आज खाली दगड भरलेत की काय?"

"दगड कसले? तुला रात्री घरी भाकरी मिळाली नाही वाटतं," दुसरा म्हणाला.

"अरे, मला मिळाली. मी तुझ्या घरी जेवलो!"

सगळे हसले. मापाडी मात्र हसला नाही. त्याला वाटले, हे आपल्या मापावर बोलत आहेत. माप मोठे झाले आहे, असेच म्हणत आहेत.

तीस बुधले चढले. मुलगा नावेच्या काठाशी वाकून पाण्याकडे पाहत होता. रोज नावेची वरून दुसरी फळी कोरडी असे. आज ती पाण्याखाली होती.

"बाबा," तो म्हणाला, "नाव आज जास्त बसलीय."

"किती बुधले चढले?"

"तीस."

"मग?"

मुलगा थोडा घुटमळला. मग म्हणाला, "एक बुधला उचलून बघता का? एकच."

"उचलून?" मापाड्याचा आवाज चढला. "मी मापून दिलाय. तीस म्हणजे तीस. माझ्या मापावर संशय येत असेल, तर असं कानात नको, चार माणसांत बोल."

चार माणसे तिथेच होती. मुलाने खाली पाहिले.

"संशय नाही, बाबा," तो म्हणाला, आणि त्याने नाव लोटली.

बातमी आल्यावर शोधाशोध झाली, तेव्हा नावाडी नदीच्या तिसऱ्या वळणावर कोळ्यांना सापडला, तो मेलेलाच. ते त्याला खाटेवर घालून घेऊन आले. जे करायचे असते ते सगळे झाले. मापाड्याने ते सगळे नीट केले, कुठे काही राहू दिले नाही.

मग गाव चावडीवर जमले.

पाटील वयस्क होते आणि मनाने वाईट नव्हते. ते मापाड्याजवळ येऊन बसले आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबा, एक मनातून काढून टाका. तुमच्या मापात काही खोट नव्हती. सगळं गाव साक्षीला आहे. तीसच बुधले होते."

"तीसच होते," चारपाच जण म्हणाले.

"मग नाव बुडाली कशी?" मागून कोणीतरी विचारले.

पाटलांनी उसासा टाकला. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. पण तरुण पोर. धारेत लक्ष चुकलं असेल. वल्हं आडवं गेलं असेल."

बुडता बुडता वाचलेला हमाल उठला. "नाव कलंडली नाही, पाटील. मी होतो ना तिच्यावर! ती बसत गेली. धारेत लाट काठावरून आत यायला लागली, तसा तो बुधले ओढून पाण्यात टाकायला लागला. मला म्हणाला, तू हो पुढं. नाव जड झाली होती."

"जड कशी होईल? रोजचेच तीस."

"ते मला काय माहीत? जड होती एवढं खरं."

"घाबरलास, म्हणून जड वाटली असेल," एकजण म्हणाला, आणि हमाल खाली बसला.

मापाडी ऐकत होता. लोक त्याच्यावर दया करत होते, हे त्याला कळत होते. हेही कळत होते, की त्याचे माप खरे ठरावे म्हणून त्याचा मुलगा खोटा ठरत आहे. दोघांपैकी एकाची चूक असलीच पाहिजे, असे सगळ्यांनी धरले होते. आणि मापाड्याची असूच शकत नव्हती.

चावडीच्या खांबाआड त्याची सून उभी होती. ती नावाड्यांच्या घरातली लेक. तिच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून घाटावरच्या दोन्ही नावा तिच्याबरोबर या घरात आल्या होत्या. दोन नावा जुळ्या होत्या, एकाच सुताराने एकाच लाकडाच्या घडवलेल्या. त्यांतली एक आता नदीच्या तळाशी होती.

"राजवाड्याला काकवी तर द्यावीच लागेल," पाटील म्हणाले. "दुसऱ्या नावेसाठी खालच्या गावचा नावाडी बोलवू. या घराकडे घाटाचं काम नको आता. गैरसमज करून घेऊ नका बाबा, पण लोकांचा जीव आहे."

"नाव मी नेईन," सून म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिले.

"पोरी, हे काय बोलतेस?"

"आमच्या माहेरी चालायच्या आधी वल्हं धरायला शिकतात. दुसऱ्या कोणी नाव नेली, तर माझा नवरा चुकला हे दगडावरची रेघ होईल. तो चुकला नाही. काकवीचे तसेच तीस बुधले मी नेऊन दाखवते."

पाटलांनी तिला पुष्कळ समजावले. ती ऐकेना. शेवटी ते वैतागून म्हणाले, "बरं. ने. तीस पलीकडे लागले, तर घाट तुमचाच. उद्या सकाळी माल भरू."

घरी आल्यावर सुनेने चूल पेटवली नाही. मापाडी ओसरीवर बसला होता. उन्हे अजून उतरायची होती.

"मामंजी," ती म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"माझ्या आजोबांच्या वेळी नाव उलटली होती. आई सांगायची. तेलाचे बुधले सगळे वर आले आणि डुंबणाऱ्या म्हशींसारखे वाहत गेले. पोरांनी ते खालच्या डोहातून ओढून काढले."

"मी होतो त्या पोरांत," मापाडी म्हणाला.

"मग आता? आता एकही वर का नाही आला? तिसांतला एकही?"

"लोक म्हणतात, नदीनं ठेवून घेतले."

"लोक म्हणतात," ती म्हणाली, आणि आत गेली.

मापाडी उठला. कोनाड्यात देवापुढच्या तेलाच्या दोन छोट्या बुधल्या होत्या, मुठीएवढ्या, मोठ्या बुधल्यांसारख्याच शिवलेल्या. त्याने एकीत तेल भरले, दुसरीत काकवी. दोन्ही काठोकाठ. दोन्हींची तोंडे एकसारख्या दोरीने बांधली आणि त्या घेऊन तो घाटावर गेला.

त्याने तेलाची बुधली पाण्यावर ठेवली. ती तरंगली. थोडी हलली, आणि काठाकाठाने जाऊ लागली.

त्याने काकवीची बुधली पाण्यावर ठेवली आणि हात काढला. ती क्षणभरही थांबली नाही. त्याच्या बोटांजवळून सरळ खाली गेली.

मापाड्याने पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला, पण ती त्याला सापडली नाही. ओला हात तसाच ठेवून तो पायरीवर बसून राहिला. त्याने आयुष्यभर मापले होते, पण भरलेला बुधला कधी उचलला नव्हता. उचलणे हे त्याचे काम नव्हते. त्याचे काम ओतण्याचे.

दुसऱ्या दिवशी सगळे गाव घाटावर आले. कोणी काळजीने आले, कोणी बघायला. सून वल्हे घेऊन नावेत बसली होती. हमालांनी काकवीच्या पहिल्या बुधल्याला हात घातला.

"थांबा," मापाडी म्हणाला. "आधी तेलाचे चढवा."

"तेल आज जायचं नाही, बाबा," पाटील म्हणाले.

"जायचं नाही. नुसतं चढवायचं. म्हाताऱ्याचं एवढं ऐका."

दुःखात असलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? हमालांनी कुरकुरत तेलाचे तीस बुधले चढवले. मापाडी धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरला. जिथे पाणी नावेला टेकले होते तिथे, दुसऱ्या फळीच्या खाली, त्याने तासणीने एक खूण केली.

"आता उतरवा. आणि काकवी चढवा. एकेक मोजत."

"बाबांनी आज आमची कंबर मोडायचीच ठरवलीय," एक हमाल पुटपुटला. पण तेल उतरले आणि काकवी चढू लागली. लोक मोठ्याने मोजू लागले. पाच. दहा. नाव बसत होती. पंधरा झाले तेव्हा मोजणाऱ्यांचा आवाज कमी झाला, कारण खूण पाण्याच्या फार वर उरली नव्हती.

विसावा बुधला ठेवला आणि पाणी खुणेला लागले.

"थांबवा," पाटील म्हणाले.

"नको. सगळे चढवा," मापाडी म्हणाला.

सून नावेतून त्याच्याकडे पाहत होती. ती हलली नाही. एकविसाव्या बुधल्याला खूण पाण्याखाली गेली. पंचविसाव्याला दुसरी फळी गेली. तीस झाले तेव्हा पाणी काठाच्या इतके जवळ आले होते, की एका हमालाने खाली उतरताना पाय जोरात टेकला आणि ओंजळभर पाणी आत आले. काठावर कोणीतरी मोठ्याने श्वास घेतला. हे तर घाटाचे शांत पाणी होते. मधली धार अजून दूर होती.

"उतर, पोरी," पाटील घाईने म्हणाले. "आधी उतर तू."

ती उतरली. मग पाटील मापाड्याकडे वळले. त्यांचा आवाज बदलला होता.

"मग बाबा, मापात खोट होती म्हणायची?"

"मापात खोट नव्हती," मापाडी म्हणाला. "तीस बुधल्यांत जेवढं तेल मावतं, तेवढीच काकवी मावली. मापट्याला मी जागा विचारली, त्यानं जागा सांगितली. भार मी कोणालाच विचारला नाही. तेलाच्या तीन बुधल्यांचा भार काकवीच्या दोन बुधल्यांत असतो. मी मुलाच्या नावेत तीस ठेवले, असं मी समजत होतो. खरं म्हणजे मी तेलाचे पंचेचाळीस ठेवले होते."

पाटलांनी नावेच्या काठाशी आलेल्या पाण्याकडे पाहिले.

"त्याला कळलं होतं," मापाडी पुढे म्हणाला. "दुसरी फळी बुडालेली त्यानं पाहिली होती. त्यानं मला इथंच, या पायरीवर सांगितलं, आणि मी त्याला चार माणसांत गप्प केलं. तो चुकला नाही. त्याच्याबद्दल आता कोणी काही बोलू नये."

वाचलेला हमाल गर्दीतून पुढे आला. तो पाटलांकडे नाही, मापाड्याकडेही नाही, नावेकडे पाहून बोलला.

"आमच्या खांद्यांना पण कळलं होतं. आम्ही त्या भाराची थट्टा केली."

मापाडी पाण्यातून वर आला. सुनेने त्याचा हात धरला आणि त्याला पायरीवर बसवले.

"मामंजी, दहा उतरवू ना?" तिने विचारले.

"दहा उतरव. खूण पाण्याला लागेल तेवढेच ठेव. एकही जास्त नको."

दहा बुधले उतरले. नाव वर उचलली गेली, आणि दुसरी फळी पुन्हा उन्हात आली. सून काकवीचे वीस बुधले घेऊन धारेत शिरली. नाव लहान होत गेली. गाव काठावर उभे होते आणि कोणी घरी जाण्याचे नाव काढत नव्हते. पलीकडच्या काठावर तिने वल्हे उभे धरले, तेव्हा पाटलांनी डोक्यावरचे पागोटे काढले आणि ते मापाड्याजवळ पायरीवर बसले.

राहिलेले बुधले तिने दुसऱ्या खेपेला नेले. घाट त्याच घराकडे राहिला.

लग्नाची गडबड सरल्यावर पाटील स्वतः नगरीला गेले आणि एक मोठी तागडी घेऊन आले. काही म्हाताऱ्यांनी नाके मुरडली, जुन्या व्यापाऱ्याची आठवण काढली. पाटील म्हणाले, "दोन पारडी सगळ्यांसमोर टांगू. ज्याला बोट लावायचंय, त्यानं सगळ्यांसमोर लावावं." ती तागडी चिंचेच्या फांदीला टांगली गेली, मापाड्याच्या बसायच्या जागेपासून हातभर अंतरावर.

मापाडी आता मापणे आणि जोखणे दोन्ही करू लागला. त्याने एकेक वस्तू त्याच मापट्याने मापली आणि मग तागडीत घातली. आधी रिकामे मापटे जोखून त्याचा भार बाजूला काढायचा, नाहीतर तांब्याचे वजन तेलाच्या नावावर जाते, हेही त्याला कळले. एक मापटे तेल पाण्यापेक्षा हलके भरले. तूपही हलके. दूध पाण्याहून किंचित जड. मध पुष्कळ जड, आणि काकवी जवळजवळ मधाच्या बरोबरीची. मापटे तेच, काठ तोच, ओघळणारे दोन थेंबही तेच. पण पारडे दर वेळी निराळे बोलायचे.

घाटावर येणाऱ्या मुलांना तो दोन सारखी भांडी भरून द्यायचा, एकात तेल, एकात मध, आणि म्हणायचा, "सांगा, कशात जास्त आहे?" मुले वाकून काठ बघायची आणि ओरडायची, "सारखंच!" मग तो म्हणायचा, "आता उचला." मुलांचा एक हात खाली जायचा आणि त्यांचे चेहरे बदलायचे. मोठी माणसे ते पाहून हसायची. मापाडी हसायचा नाही. तो एवढेच सांगायचा, "सारखं आहे हेही खरं, आणि सारखं नाही हेही खरं. तुम्ही काय विचारताय, ते आधी ठरवा."

एकदा तेलिणीने त्याला विचारले, "बाबा, माणूस गेल्यावर घर मोकळं होतं म्हणतात. एका माणसाची जागा ती केवढी? एक पाट, एक वाकळ. मग घर एवढं जड का होतं हो?"

मापाड्याने तिचे भांडे भरले आणि दोन थेंब मातीत पडू दिले.

"त्याचं माप माझ्याकडे नाही," तो म्हणाला.

त्या गावाने पुढे एक नवी रीत घातली. नाव सुटण्याआधी माल मापला जातो, जोखला जातो, आणि मग गावचा मापाडी, तो कितीही म्हातारा असो, एक भरलेला बुधला स्वतःच्या दोन हातांनी जमिनीवरून उचलतो. तो उचलून खाली ठेवेपर्यंत नावाडी दोर सोडत नाही. उचलताना नावाड्याने काही सांगितले, तर मापाड्याने ते ऐकून घ्यायचे असते. नावा बदलल्या, नदीचे पात्र बदलले, पण ही रीत राहिली.

लहानथोर सगळ्यांनी यातून एवढे घ्यावे: एखादी गोष्ट किती जागा घेते यावरून ती किती जड आहे हे कळत नाही, आणि ज्याच्यावर तिचा भार पडतो त्याला विचारल्याशिवाय ते ठरवू नये.

मापाडी पुढे पुष्कळ वर्षे जगला आणि रोज एक बुधला उचलत राहिला. त्या सकाळी मुलाने सांगितला होता तो एक मात्र त्याने उचलून पाहिला नव्हता.